सिस्टरचा जुना नंबर

"सिस्टर नाय इथं. एकशे आठला फोन लावा. बाईला चालवू नका, गाडी येईपर्यंत कुशीवर निजवा."

पलीकडचा माणूस एका दमात एवढं बोलला आणि त्याने फोन ठेवून दिला.

मी मोबाईलकडे बघतच राहिलो. मी काही बाळंतपणासाठी फोन केला नव्हता. डहाणू रोडला स्टेशनसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मला त्या माणसाकडून फक्त सहा आकडे हवे होते.

काउंटरच्या पलीकडे दोन स्टुलांवर दोघी बसल्या होत्या. एक आमच्या सिस्टर. नाव शालिनी, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. सायवनच्या आरोग्य उपकेंद्रात त्यांनी नोकरीचं आयुष्य काढलं, आता मसोलीला लेकाकडे असतात. दुसरी मंगल. वीस-एकवीसची, सायवनकडच्याच एका पाड्यावरची. इथे फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे.

"काय म्हणाला?" सिस्टरनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाला. आणि मला कुशीवर निजायला सांगितलं."

मंगलला हसू आलं, पण लगेच गेलं. तिचं काम माझ्या त्या सहा आकड्यांवर अडलं होतं.

तिची गोष्ट सांगायची तर जरा मागे जावं लागेल. आणि मागे जायला मला कोणाचा आग्रह लागत नाही.

आज जिथे मी लोकांच्या स्क्रीन बदलतो, तिथे पूर्वी माझा सायबर कॅफे होता. प्लायवूडच्या खोपट्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा, आत एकेक डबडा कॉम्प्युटर. नेट लागताना मोडेम असा किंचाळायचा की बाहेरचा वडापाववाला म्हणायचा, "झालं, लागली याची गाडी!" पडद्याआड कॉलेजची पोरं चॅटिंग करायची. चिकूच्या वाडीवाल्यांची मुलं परदेशातल्या भावंडांना मेल लिहायची. एका मेलला पाऊण तास लागायचा, आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगतो, त्या खोपट्यांची मला आजही आठवण येते. आता सगळं खिशात आलं आणि दुकानात येऊन बसणारी माणसं गेली.

सिस्टर तालुक्याच्या मीटिंगला सायवनहून एसटीने यायच्या. मीटिंग संपली की परतीच्या गाडीला वेळ असायचा. एकदा ऊन चुकवायला म्हणून आत शिरल्या, आणि मग कायमच्याच झाल्या. मी त्यांना ब्लॉग काढून दिला. ब्लॉग म्हणजे नेटवरची रोजनिशी. फरक एवढाच की रोजनिशी कोणी वाचू नये म्हणून आपण ती लपवतो, आणि ब्लॉग कोणी वाचत नाही म्हणून झुरतो. सिस्टर मात्र झुरायच्या नाहीत. त्यांना वाचणारे दोघेच होते. एक त्यांचा नाशिकचा भाऊ आणि दुसरा मी, तोही चुका काढायला.

त्यांनी ब्लॉगला नाव दिलं होतं 'सायवनची खबरबात'. एका बोटाने टाइप करायच्या. नदीला पाणी आलं, लसीची पेटी डोक्यावरून नेली. नागलीची भाकरी खाल्ली, बरोबर सुकटीची चटणी होती. अमक्या पाड्यावर मुलगी झाली, वजन चांगलं आहे. भावाने त्यांना छोटा डिजिटल कॅमेरा दिला होता. बाळ झालं की त्या बाळ-बाळंतिणीचा फोटो काढायच्या आणि इथे येऊन चढवायच्या. त्या पाड्यांवर तेव्हा कोणाच्या घरात फोटो नव्हता. बायका विचारायच्या, फोटो आमाला कवा मिळंल? सिस्टर सांगायच्या, "नेटवर टाकलाय गं. तो आता कायमचा राहतो. पोरगी मोठी झाली की बघेल."

कायमचा. तेव्हा आम्ही सगळेच हा शब्द फार मोकळ्या हाताने वापरायचो.

पुढे सिस्टरना कोणीतरी म्हणालं, पेशंटचे फोटो असे उघड्यावर बरे नाहीत. त्यांना ते पटलं. फोटो ज्या अल्बमच्या साईटवर होते, तिथे त्यांनी कुलूप लावलं. मजकूर उघडा राहिला, फोटो बंद झाले. मग त्या निवृत्त झाल्या, कॅफे बंद पडला, पासवर्ड विसरला. सायवनला ज्या कंपनीची रेंज होती तिची मसोलीच्या घरात येईना, म्हणून त्यांनी नंबरही बदलला. ब्लॉग तसाच पडून राहिला, कुलपाची किल्ली कुठे गेली कोणाला ठाऊक नाही.

मंगल त्यांच्याकडे आली ती आजीच्या सांगण्यावरून. मंगल रांगत असतानाच तिची आई तापाने गेली. पुढे वडीलही गेले. आजीने वाढवलं. घरात आईचा फोटो नाही, कधी नव्हताच. आता मंगलचं लग्न ठरलंय. आजी म्हणाली, तू झालीस तेव्हा सिस्टरनं तुझ्या आयचा फोटो काढला होता. मग हिने मसोलीत घरोघर विचारत सिस्टरना शोधून काढलं, आणि सिस्टर तिला घेऊन माझ्याकडे आल्या.

"भाऊ, मना बाकी काय नको," मंगल मला म्हणाली. "मना एकदा बघायचंय, आय दिसायची कशी."

पोरगी रोज रील करते. कारखान्याच्या गेटवरची, रस्त्यातली, चहाच्या टपरीवरची. तिच्या मोबाईलमध्ये तिचे स्वतःचे हजारभर फोटो असतील. आईचा एक नाही. असं काही ऐकलं की मी उगाच खेकसतो. "बघू, बघू, आधी मशीन तर चालू होऊ दे," असं काहीतरी बोललो.

ब्लॉग उघडला. सिस्टरचा जुना मजकूर जसाच्या तसा होता. शोधत शोधत मंगलच्या जन्माचा दिवस सापडला. 'आज मुलगी झाली. आई हसतमुख आहे. सोबत शेजारीण आली होती. आईने विचारलं, फोटोत मी दिसते का नीट? म्हटलं, राणीसारखी दिसतेस.'

त्याच्याखाली एक राखाडी चौकोन होता. चौकोनाच्या कोपऱ्यात फुली.

मंगलने तो मजकूर ओठ हलवत वाचला. मग चौकोनावर बोट ठेवलं. "इथं हाय?"

"इथंच आहे. कुलपात आहे."

अल्बमच्या साईटवर गेलो तर वर लाल पट्टी: ही सेवा महिनाअखेर बंद होत आहे, आपले फोटो उतरवून घ्या. महिनाअखेर म्हणजे चार दिवसांवर. सिस्टरना त्यांनी ईमेल पाठवले असणारच. पण त्या ईमेलचा पासवर्ड कोणाला माहीत होता!

पासवर्ड विसरलात का, हे बटण दाबलं. आता हा भाग जरा समजून घ्या. आपण पासवर्ड विसरलो की साईट आपल्या नोंदवलेल्या मोबाईलवर आकडे पाठवते, तोच ओटीपी. तो दहा मिनिटं जिवंत असतो. आणि सिस्टरनी नोंदवलेला नंबर होता सायवनचा, त्यांनी सोडून दिलेला. सोडलेला नंबर तसाच पडून राहत नाही. कंपनी काही काळाने तो दुसऱ्याला देते. भाड्याच्या खोलीसारखंच. आपण सोडली की दुसरं बिऱ्हाड येतं. आमचे आकडे त्या नव्या बिऱ्हाडाकडे जाणार होते.

सिस्टरना नंबर तोंडपाठ होता. मी लावला आणि एकशे आठचा सल्ला ऐकला.

पुन्हा लावला. या वेळी घाईघाईने म्हणालो, "बाळंतपण नाही हो, बाळंतपण नाही! तुमच्या मोबाईलवर एक ओटीपी येईल, तेवढा मला सांगा."

मग तो सावकाश म्हणाला, "बराबर. आत्ता समजलं. ओटीपी पायजे ने?"

"हो."

"तुजा आजा देल तुना ओटीपी." फोन कट.

त्याचं काय चुकलं? मीच माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा सांगतो, ओटीपी कोणाला देऊ नका. त्याला कोणीतरी नीट शिकवलं होतं. तिसऱ्यांदा लावला तेव्हा माझं सगळं रामायण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असाच एकदा गोड बोलून माझी मजुरी नेली खात्यातून. समोर या. रविवारी घरी या. बायको असंल, ती ठरवंल."

नाव धर्मा. गवंडीकाम करतो. तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीकडे एका पाड्यावर घर.

"ती ठरवंल म्हणजे?" सिस्टरनी विचारलं.

"म्हणजे शहाणा माणूस दिसतो," मी म्हटलं.

रविवारी निघालो. सिस्टर माझ्या स्कूटरवर मागे, पोटाशी लॅपटॉपची बॅग. मंगल मैत्रिणीची स्कूटी घेऊन. तिने ओढणी डोक्याभोवती, कानांवरून घट्ट गुंडाळली होती, हनुवटीखाली गाठ. हल्ली सगळ्या पोरी अशाच निघतात, धुळीसाठी. तलासरीत चहा प्यायलो. नाक्यावर अर्धं बोलणं मराठीत, अर्धं गुजरातीत, हिशेब हिंदीत. पुढे डांबर संपलं. सिस्टरनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की परत आल्यावर बायकोने विचारलं, कोणाशी मारामारी केलीस?

धर्माचं घर कुडाचं, अंगण सारवलेलं. धर्मा दारातच उभा होता. चाळिशीचा, हडकुळा, हातावर सिमेंटचे चट्टे. त्याची बायको लखमी भात पाखडत होती. ती उठली नाही. सूप चालूच ठेवून तिने आम्हा तिघांना खालून वरपर्यंत बघून घेतलं.

"मी सिस्टर," सिस्टर पुढे होऊन म्हणाल्या. "सायवनची. तुमच्याकडे आहे तो नंबर आधी माझा होता."

लखमीचं सूप थांबलं. धर्मा दोन पावलं पुढे आला.

"तुमी ती सिस्टर?"

"हो."

"अगं, हीच ती सिस्टर!" तो बायकोकडे वळून ओरडलाच. मग सिस्टरकडे बोट करून जवळजवळ भांडायला लागला. "बाई, तुमचे किती फोन येतात! सिम घेतल्यापासून येतात. पोटात दुखतंय, पाणी गेलंय, पोर रडत नाय. मी गवंडी माणूस. मी काय सांगू?"

सिस्टरनी विचारलं, "अजून येतात?"

"आता कमी झालं. पयलं लय यायचे. मी सांगायचो राँग नंबर, राँग नंबर. एकदा एक जण रडायलाच लागला. म्हणाला, बायको तळमळतेय, तू राँग नंबर काय सांगतोस? तवा लखमी म्हणाली, त्याला एकशे आठ सांग. तिची दोन बाळंतपणं झालीत. चालवू नका, कुशीवर निजवा, ते सगळं तिनं शिकवलं मना."

"सिम बदलायचं ना मग," मी म्हटलं.

लखमी पहिल्यांदा बोलली. "बदलला आसता तर मग फोन कोणी घेतला आसता?"

सिस्टरनी विचारलं, "त्या रडणाऱ्याच्या बायकोचं काय झालं?"

"पोरगा झाला," धर्मा म्हणाला. "फोन करून सांगितलं त्यानं. पेढा काय नाय आला."

सिस्टर हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण नंबर सोडला, सुटलो, असं त्यांना वाटत होतं. फोन मात्र चालूच होते. त्या ओट्यावर लखमीशेजारी बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. मंगल एका बाजूला उभी होती. तिने ओढणीची गाठही सोडली नव्हती, पाहुणी म्हणून आल्यासारखी नव्हतीच ती, परीक्षेला आल्यासारखी होती.

लखमीने तिला विचारलं, "तुझं काय काम पोरी?"

मंगलने सांगितलं. दोन वाक्यांत संपलं ते.

लखमी नवऱ्याला म्हणाली, "दे आकडा."

पण आकडा यायला रेंज हवी ना! घरात रेंज नाही. धर्माने घरामागच्या टेकाडाकडे हात केला. वर मोहाच्या झाडाखाली रेंज येते, अख्खा पाडा तिथेच फोनला जातो. संध्याकाळी पोरं तिथूनच स्टेटस टाकतात. आमच्या चिंचणीच्या खलाशांचंही असंच असतं. समुद्रात काढलेले सगळे फोटो बोट किनाऱ्याच्या रेंजमध्ये आली की एकदम टपाटपा पडतात, आणि घरच्यांना कळतं, आले.

आम्ही सगळे टेकाड चढलो. वर गेल्यावर कळलं, तिथे फक्त धर्माच्याच कंपनीची रेंज आहे. माझा मोबाईल मेलेला, मंगलचाही. मग धर्माच्याच मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. हॉटस्पॉट म्हणजे एकाच्या मोबाईलचं नेट दुसऱ्याने उसनं घेणं. स्क्रीनला तडा, त्यावर सिमेंटचा थर, पण चाललं. लॅपटॉप एका दगडावर ठेवला. सिस्टरनी स्क्रीनवर पदराची सावली धरली.

पहिला ओटीपी आला तोच शिळा होऊन. रेंज जात-येत होती, आकडे पोचेपर्यंत दहा मिनिटं उलटून गेली. साईट म्हणाली, चुकीचा ओटीपी. दुसऱ्यांदा मागवला, तो आलाच नाही. साईटने बजावलं, आता एकच संधी, नंतर दोन दिवस बंद. दोन दिवसांनी महिना संपत होता.

"थांबा," धर्मा म्हणाला. मोबाईल घेऊन तो झाडाच्या बुंध्याच्या पलीकडे गेला, एका फांदीच्या बेचक्यात उभा ठेवला. "गुजरातचा ठेकेदार फोन करतो तवा इथं ठेवतो. आता दाबा."

मी दाबलं. मंगल दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मोबाईल टुणकन वाजला. धर्माने वाकून, एकेक आकडा मोठ्याने, शाळेतल्या पाढ्यासारखा वाचला. मी टाइप केला.

कुलूप उघडलं.

अल्बम सावकाश उघडत होता, आमच्या जुन्या मोडेमच्या चालीने. वरून खाली, एकेक पट्टी. किती वर्षांनी मी असा फोटो उतरताना बघत होतो! पूर्वी माझ्या कॅफेत लोक असेच श्वास रोखून बसायचे. आधी कुडाची भिंत आली. मग दोन बायकांची डोकी. मग खांदे. मग मधे कापडात गुंडाळलेलं बाळ. दोघी तरुण, दोघींची लुगडी हिरवी, दोघी कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्या. बाळ दोघींच्या मधे, अर्धं हिच्या मांडीवर, अर्धं तिच्या.

मंगल लॅपटॉपसमोर गुडघ्यांवर बसली. आधी एक चेहरा बघितला, मग दुसरा. मग तिने मान वर करून सिस्टरना विचारलं,

"यातली आय कुठली?"

एवढं सगळं करून हा प्रश्न येईल असं आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सिस्टर वाकल्या, चष्मा पुसला. त्यांच्या हातून किती बाळंतपणं झाली, त्यांना तरी चेहरा कसा आठवावा?

मागून लखमीने डोकावलं. "आगं, ही काय," ती म्हणाली. "कान बांधलेत ते दिसत नाय?"

आणि मग आम्हाला सगळ्यांनाच दिसलं. डावीकडच्या बाईच्या डोक्याभोवती फडकं गुंडाळलेलं होतं, कानांवरून घट्ट, हनुवटीखाली गाठ. बाळंतिणीच्या कानात वारं जाऊ नये म्हणून बांधतात तसं. शेजारणीचं डोकं उघडंच होतं.

"कान बांधलेत ती बाळंतीण," लखमी म्हणाली. "दुसरी कशाला बांधंल?"

सिस्टर कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "मी बांधलं होतं. मीच बांधून दिलं होतं गं!"

मंगल फोटोकडे बघत होती. वाऱ्यासाठी, धुळीसाठी बांधलेली तिची ओढणी अजून तशीच होती, कानांवरून, हनुवटीखाली गाठ. आम्ही एकदा फोटोकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो. ती आपल्या आईसारखी हसते, हे तिला तेव्हा दिसलं असणार, कारण ती रडता रडता हसायला लागली.

त्या दिवशी टेकाडावरून खाली यायला आम्हाला उशीर झाला. धर्माच्या मोबाईलचं नेट संपेपर्यंत मी सगळा अल्बम उतरवून घेतला. खाली लखमीने भाकरी आणि वालाची भाजी वाढली. निघताना सिस्टर धर्माला म्हणाल्या, "यापुढे माझ्यासाठी फोन आला तर माझा नवा नंबर देत जा."

धर्माने विचार केला आणि म्हणाला, "देईन. पण पयलं एकशे आठच सांगणार. तुमी आता रिटायर झाल्यात."

महिना संपला, ती साईट बंद पडली. राखाडी चौकोनसुद्धा राहिला नाही. मी सगळे फोटो माझ्या प्रिंटरवर छापून सिस्टरना दिले. आता त्या अधूनमधून एसटीने सायवनला जातात आणि ज्यांचे त्यांना पोचवतात. बाळं आता बाप्ये-बाया झालीत, फोटो बघून लाजतात म्हणे. मंगलच्या लग्नात मांडवाच्या खांबाला तिच्या आईचा फोटो लावला होता. धर्मा आणि लखमी आले होते, आहेर घेऊन.

मंगलला मी बजावून सांगितलं होतं, प्रिंट जपून ठेव, नेटवर काही कायमचं राहत नाही. ती हो म्हणाली. तरी रोज सकाळी माझ्या मोबाईलवर तिचा स्टेटस येतो, तोच फोटो, कान बांधलेली बाई आणि बाळ. खाली काही लिहिलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी तो आपोआप पुसला जातो आणि मंगल परत टाकते. एवढ्या वर्षांच्या धंद्यात नेटवर काही टिकताना मी बघितलं असेल तर ते असंच, कोणीतरी रोज परत टाकतं म्हणून.